काळेपणाचे माप आणि प्रकाशाचे माप : वऱ्हाडातील १८९८च्या ग्रहणापासून पिक्सेलच्या आकड्यापर्यंत

भुसावळहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग १८६७ साली पूर्ण झाला आणि शेगाव हे त्या मार्गावरील एक स्थानक झाले. आज हे स्थानक यात्रेकरूंच्या वर्दळीमुळे सर्वपरिचित आहे. परंतु जानेवारी १८९८ मध्ये याच रुळांवरून पुढे, शेगावपासून दीड-पावणेदोनशे किलोमीटर पूर्वेस, धामणगाव व पुलगाव यांच्या दरम्यान असलेल्या तळणी नावाच्या लहानशा स्थानकाजवळ काही परदेशी मंडळींनी तंबू ठोकले होते, ही गोष्ट वऱ्हाडातही फारशी कोणाच्या स्मरणात नाही. २२ जानेवारी १८९८ रोजी भर दुपारी खग्रास सूर्यग्रहण होणार होते. खग्रासपट्टा कोकण किनाऱ्यावर विजयदुर्गाजवळ चढून, करमाळा तालुक्यातील जेऊरवरून, तळणी-पुलगाव व नागपूरच्या परिसरातून पुढे शहडोल आणि बक्सरकडे गेला. शेगाव या पट्ट्याच्या वायव्येस, त्याच्या बाहेर राहिले. येथे खंडग्रासच दिसले. तळणीस मात्र सुमारे दोन मिनिटे सूर्य पूर्णपणे झाकला गेला.

त्या दोन मिनिटांत काचेच्या प्लेटांवर जे उमटले, ते मोजण्याचा प्रश्न हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. आज खगोलीय कॅमेऱ्याचे चित्र संगणकावर उघडले असता प्रत्येक पिक्सेलपाशी एक आकडा दिसतो; तो वाचून विद्यार्थी म्हणतो की येथे इतका प्रकाश आहे. हे विधान जसेच्या तसे क्वचितच खरे असते. आकडा आणि प्रकाश यांच्यामध्ये काय काय असते, हे समजून घेण्याचा सर्वांत सोपा मार्ग इतिहासाचा आहे, कारण हा प्रश्न प्रथम आकड्यांच्या नव्हे, तर काळेपणाच्या रूपाने उभा राहिला होता.

ग्रहणाच्या मोहिमांचा वृत्तान्त येथे विस्ताराने देण्याचे प्रयोजन नाही. जेऊर येथे दोन महत्त्वाच्या तुकड्या होत्या. एक कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेच्या विल्यम वॉलेस कॅम्पबेल यांची. दुसरी पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांची. नायगमवाला यांची वेधशाळा भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून व मुंबई सरकारच्या साहाय्याने उभी राहिलेली असून, तिची ग्रब बनावटीची परावर्ती दुर्बीण त्या काळी हिंदुस्थानातील सर्वांत मोठी होती. त्यांचा जेऊरचा अहवाल १९०२ साली प्रसिद्ध झाला. विजयदुर्गाच्या किल्ल्यात नॉर्मन लॉकियर यांचा तळ होता. (हेलियमचा शोध विजयदुर्गावर १८६८ साली लागला, असे आपल्याकडे हौसेने सांगितले जाते. लॉकियर १८६८ साली हिंदुस्थानात आलेच नव्हते. त्यांनी त्या वर्षी सूर्याच्या ज्वालांचे वेध इंग्लंडात घेतले. विजयदुर्गास ते आले ते तीस वर्षांनी, या ग्रहणासाठी.)

तळणीस ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची तुकडी उतरली होती. तीत ग्रिनिच वेधशाळेतील वॉल्टर माँडर, त्यांच्या पत्नी अ‍ॅनी माँडर आणि जॉन एव्हरशेड हे होते. अ‍ॅनी माँडर केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गणित शिकलेल्या. ग्रिनिच येथे त्या गणक म्हणून नोकरीस होत्या आणि विवाहामुळे १८९५ साली ती नोकरी त्यांना सोडावी लागली. तळणीस त्या आल्या त्या कोणाच्या हाताखाली नव्हे, तर गर्टनच्या संशोधन-अनुदानातून मिळविलेला स्वतःचा कॅमेरा घेऊन. त्याचे भिंग अवघे दीड इंच व्यासाचे व नऊ इंच नाभ्यंतराचे होते. याउलट जेऊरला कॅम्पबेल यांच्याजवळ ४० फूट नाभ्यंतराचा कॅमेरा होता. त्यात सूर्यबिंब सुमारे साडेचार इंच व्यासाचे पडे. माँडर यांच्या प्लेटवर तेच बिंब दोन मिलिमीटरांचे.

तथापि सूर्याच्या प्रभामंडळातून, म्हणजे ज्यास करोना म्हणतात त्यातून, निघालेला एक किरण सूर्याच्या सुमारे १४ त्रिज्यांपर्यंत, म्हणजे सुमारे ६० लक्ष मैलांपर्यंत पसरलेला दिसला, तो या लहान कॅमेऱ्याच्या प्लेटवर. तोपर्यंत कोणत्याही ग्रहणात इतक्या लांबीचा किरण छायाचित्रित झालेला नव्हता. हा योगायोग नव्हे. विस्तृत वस्तूची प्रतिमा प्लेटवर किती उजळ पडेल, हे भिंगाच्या आकारावर नव्हे, तर नाभ्यंतर भागिले व्यास या गुणोत्तरावर ठरते. आणि उजळपणा त्या गुणोत्तराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. लिकच्या भिंगाचा व्यास पाच इंच होता, म्हणून त्याचे गुणोत्तर ९६. माँडर यांचे ६. दोहोंतील फरक सोळापट, आणि त्याचा वर्ग २५६. एकाच वेळेत माँडर यांच्या प्लेटच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरावर अडीचशेपट अधिक प्रकाश पडत होता. लिकचा कॅमेरा अंतर्भागातील बारकावे टिपण्यासाठी होता आणि ते काम त्याने उत्तम केले. परंतु मंद किरणासाठी तो योग्यच नव्हता. कोणत्या पिक्सेलवर किती आकडा उमटेल, हे ठरविणारी पहिली गोष्ट आकाशात नसून कॅमेऱ्यात असते, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

माँडर यांनी आणखी एक दक्षता घेतली होती. त्यांच्या प्लेटा सँडेल पद्धतीच्या, म्हणजे एकावर एक तीन संवेदी थर दिलेल्या होत्या. साध्या प्लेटवर प्रभामंडळाचा बाहेरचा मंद भाग उमटण्याइतका वेळ प्रकाश पाडला, तर आतील तेजस्वी भाग पूर्ण काळा होऊन त्यातील सर्व भेद नाहीसे होतात. आत जपावे तर बाहेरचे दिसत नाही. वेगवेगळ्या संवेदनशीलतेचे थर दिल्याने ही मर्यादा काहीशी वाढते. आजच्या भाषेत हाच संपृक्ततेचा प्रश्न होय. पिक्सेल भरून वाहू लागला की पुढचा प्रकाश मोजला जात नाही, आणि आकडा कमाल मर्यादेवर अडकून बसतो.

परंतु किरण दिसणे वेगळे आणि तो किती तेजस्वी हे सांगणे वेगळे. काळेपणा दुप्पट म्हणून प्रकाश दुप्पट, असे म्हणता येत नाही. याचे शास्त्र या ग्रहणापूर्वी आठच वर्षे जन्मास आले होते. इंग्लंडातील विडनेस येथील क्षारद्रव्यांच्या कारखान्यात काम करणारे फर्डिनांड हर्टर आणि व्हेरो ड्रिफिल्ड हे दोघे छायाचित्रणाचे हौशी अभ्यासक. दोघांनी १८९० साली आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी काळेपणाचे माप असे ठरविले की प्लेट जितका प्रकाश अडविते, त्या अपारदर्शकतेचा लॉगॅरिथम म्हणजे घनता. आणि ही घनता तेथे साचलेल्या चांदीच्या प्रमाणात असते. पडलेल्या प्रकाशाच्या लॉगॅरिथमसमोर घनता मांडली असता वक्र मिळतो, तो सुरुवातीस मंद चढतो, मध्ये सरळ रेषेत जातो आणि शेवटी पुन्हा आडवा होतो. मधल्या सरळ भागातच प्रकाश व काळेपणा यांचा हिशेब नीट जुळतो. आणि त्या भागाचा चढ प्लेटप्रमाणे, रसायनाप्रमाणे, धुण्याच्या वेळेप्रमाणे बदलतो. म्हणजे तळणीच्या तंबूत धुतलेली प्लेट आणि पुण्यात धुतलेली प्लेट यांचा वक्र एकच असेल, अशी हमी कोणी देऊ शकत नव्हते.

त्यात पुढे कार्ल श्वार्त्सशिल्ड यांनी भर घातली. १८९९-१९०० च्या सुमारास व्हिएन्नात काम करताना त्यांनी दाखविले की मंद प्रकाश दीर्घकाळ आणि तीव्र प्रकाश अल्पकाळ, यांचा गुणाकार समान असूनही प्लेटवरील परिणाम समान नसतो. वेळ दुप्पट केल्यास परिणाम दुप्पट न होता, वेळेच्या सुमारे ०.८६ या घाताप्रमाणे, म्हणजे अंदाजे १.८ पटच होतो. येणेप्रमाणे प्लेट हा वेळेचाही प्रामाणिक साक्षीदार नव्हे.

यावर उपाय एकच होता. प्लेटच्याच कोपऱ्यावर ज्ञात प्रमाणातील प्रकाशाने लहान लहान चौकोन उमटवावयाचे आणि आकाशातील प्रतिमेबरोबर तेही धुवून काढावयाचे, जेणेकरून त्या प्लेटची पायरी त्या प्लेटवरच सापडेल. ज्या प्लेटांवर अशी पायरी होती, त्या मोजता आल्या. ज्यांच्यावर नव्हती, त्या सुंदर चित्रे म्हणून उरल्या.

या ग्रहणाच्या मोजमापातून निघालेला एक निष्कर्ष येथे नोंदविणे आवश्यक आहे. राज-खगोलशास्त्रज्ञ क्रिस्टी यांच्यासह शहडोल येथे गेलेले हर्बर्ट हॉल टर्नर यांनी १९०० साली दाखविले की प्रभामंडळाचे तेज सूर्यकेंद्रापासूनच्या अंतराच्या सहाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात घटते. हा नियम अंतिम ठरला नाही. बाउमबाख यांनी १९३७ साली अनेक ग्रहणांची मापे एकत्र करून दाखविले की एकच घात पुरत नाही. आतील भागात घट याहून पुष्कळ तीव्र असते व बाहेर सौम्य. परंतु टर्नर यांचा सहावा घात आजच्या विद्यार्थ्याला एक गोष्ट हिशेबाने शिकवितो. सूर्याच्या कडेशी तेज १ धरले, तर दोन त्रिज्यांवर ते १/६४, तीन त्रिज्यांवर १/७२९ आणि चार त्रिज्यांवर १/४०९६ होते. बारा बिटांचा कॅमेरा शून्यापासून ४०९५ पर्यंत मोजतो. म्हणजे कडेचा प्रकाश त्याच्या कमाल आकड्यावर बसविला, तर चार त्रिज्यांवरच्या प्रभामंडळासाठी जेमतेम एक आकडा उरतो. सोळा बिटांचा कॅमेरा घेतला तरी तोच शेवटचा एक आकडा सव्वासहा त्रिज्यांच्या जरा पुढे संपतो. आणि माँडर यांचा किरण चौदा त्रिज्यांचा होता. ग्रहणाचे छायाचित्रकार आजही कमी-अधिक वेळांची अनेक चित्रे घेऊन ती जोडतात, त्याचे कारण हेच.

तळणीच्याच तंबूत जॉन एव्हरशेड सूर्याच्या कडेचा वर्णपट घेत होते. हायड्रोजनच्या रेषा ३६४६ अँगस्ट्रॉमच्या सीमेकडे एकमेकींजवळ येत जातात, हे तेव्हा माहीत होते; त्या सीमेपलीकडे, जंबुपार भागात, अखंड प्रकाश पसरलेला आहे असे एव्हरशेड यांच्या प्लेटांवर आढळले. सुटा इलेक्ट्रॉन हायड्रोजनच्या गाभ्याशी पुन्हा जोडला जाताना हा प्रकाश निघतो, हे स्पष्टीकरण पुढे आले. १९०७ साली एव्हरशेड कोडाईकनाल येथील वेधशाळेत आले आणि १९०९ साली त्यांनी सौरडागांतील वायूंच्या बहिर्गामी प्रवाहाचा शोध लावला. तो आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

पुण्याचीही कथा कोडाईकनाललाच जाऊन मिळते. नायगमवाला १९१२ साली निवृत्त झाले आणि त्यांच्याबरोबर वेधशाळाही बंद करण्यात आली. तिची साधने कोडाईकनालला गेली. एका माणसाच्या निवृत्तीने संस्था संपावी, हे आपल्याकडे नवे नाही. परंतु या ठिकाणी केवळ एक दुर्बीण गेली असे नव्हे. प्लेट कशी धुवावी, तिची पायरी कशी वाचावी, हे हाताने शिकविणारी महाराष्ट्रातील एकमेव जागा गेली, असे म्हणावे लागते. आणि पुढील अनेक पिढ्यांच्या पदार्थविज्ञानाच्या पदवीधरांना खगोलीय प्रकाशमापन पाठ्यपुस्तकातूनच वाचावे लागले.

कोडाईकनालच्या प्लेटांचा प्रश्न मात्र आजचा आहे. तेथे विसाव्या शतकाच्या आरंभापासून सूर्याची नित्य छायाचित्रे घेतली गेली. भारतीय खगोलभौतिकी संस्थेने या प्लेटा ४०९६ गुणिले ४०९६ पिक्सेलांच्या कॅमेऱ्याने, सोळा बिटांच्या आकड्यांत उतरवून घेतल्या आहेत. आता या चित्राची फाइल आणि आजच्या दुर्बिणीवरील चित्राची फाइल शेजारी शेजारी उघडली, तर दोन्हींत आकडेच दिसतात, एकाच स्वरूपाचे, एकाच मर्यादेतले. नवशिक्याने दोहोंना एकच अर्थ द्यावा, हे साहजिक आहे, आणि पूर्णतः चुकीचे आहे. प्लेटच्या फाइलमधील आकडा सूर्याचा प्रकाश सांगत नाही. प्लेटमधून पलीकडे आलेला दिव्याचा प्रकाश सांगतो.

समजा, प्लेटच्या कोऱ्या भागाचा आकडा ६०,००० आहे, एका ठिकाणी ६,००० आणि दुसऱ्या ठिकाणी ६०० आहे. पहिल्या ठिकाणी घनता १, दुसऱ्या ठिकाणी २. आता हर्टर-ड्रिफिल्ड वक्राचा चढ १ असेल, तर दुसऱ्या ठिकाणी पडलेला मूळ प्रकाश पहिल्याच्या दहापट होता. चढ २ असेल, तर सुमारे सव्वातीनपटच. आकडे तेच, उत्तर तिपटीने वेगळे. ज्या जुन्या प्लेटांवर पायरीची पट्टी नाही, तेथे संशोधकांना वेगळा मार्ग शोधावा लागला. शांत सूर्यबिंबाचे तेज मध्यापासून कडेकडे ठरावीक रीतीने कमी होत जाते. ते सध्याच्या वेधांवरून माहीत आहे. तेव्हा प्लेटवरील बिंबाचा शांत भाग हाच पायरी म्हणून वापरावा. ही युक्ती नामी आहे. पण तिच्यात सूर्याचा शांत भाग शंभर वर्षांत बदलला नाही असे गृहीत धरावे लागते, हे विसरता कामा नये.

प्लेटच्या जागी जे साधन आले, ते प्रकाश मोजण्यासाठी शोधलेच गेले नव्हते. विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ साली बेल प्रयोगशाळेत सीसीडीची कल्पना मांडली, ती स्मृतिसाधनाच्या शोधात असताना. १९७६ साली अ‍ॅरिझोनातील दुर्बिणीवर तिने युरेनसचे चित्र घेतले गेले आणि त्यानंतर प्लेटचे राज्य झपाट्याने संपले. कारण सरळ होते. चांगली प्लेट पडलेल्या प्रकाशकणांपैकी शेकडा एखादाच उपयोगात आणी. उत्तम सीसीडी शेकडा नव्वदपर्यंत आणते. शिवाय सिलिकॉनमध्ये प्रकाशकणाने मोकळा केलेला इलेक्ट्रॉन खाचेत साठतो, आणि खाच भरत येईपर्यंत ही साठवण प्रकाशाच्या सरळ प्रमाणात असते. श्वार्त्सशिल्ड यांचा घात येथे १ होतो. हर्टर-ड्रिफिल्ड वक्र सरळ रेषा होते.

यामुळे एक गैरसमज रुजला, की आता पायरीची गरज उरली नाही. वस्तुतः पायरी गेली नाही, ती बदलली. वाचन करताना आकडा ऋण होऊ नये म्हणून मंडलच प्रत्येक पिक्सेलमध्ये पायाचा एक ठराविक आकडा मिळविते. तो शून्य वेळेच्या चित्रावरून काढून टाकावा लागतो. उष्णतेने, प्रकाश नसतानाही, इलेक्ट्रॉन जमतात. ते झाकण लावून तेवढ्याच वेळेत घेतलेल्या अंधारचित्रावरून कळतात. सर्व पिक्सेल सारखे संवेदी नसतात, भिंगावर धूळ असते. म्हणून संधिप्रकाशातील आकाशासारख्या समप्रकाशित पृष्ठाचे चित्र घेऊन त्याने भागावे लागते. इतके केल्यावर जो आकडा उरतो, तोही इलेक्ट्रॉनांची संख्या नव्हे. एका आकड्यामागे किती इलेक्ट्रॉन, हे गुणक त्यास लावावे लागते.

पुण्याच्या आयुकाने २००६ साली जुन्नर-घोडेगाव रस्त्याजवळील गिरवली येथे दोन मीटर व्यासाची दुर्बीण कार्यान्वित केली. तिच्यावरील आयफॉस्क या कॅमेऱ्याच्या सीसीडीत एका आकड्यामागे १.५ इलेक्ट्रॉन आणि वाचनातील अनिश्चितता ४ इलेक्ट्रॉन, अशी मापे प्रबंधांतून दिलेली असतात. समजा, ताऱ्याच्या एका पिक्सेलचा आकडा २०,००० आहे व पायाचा ८००. उरले १९,२००, गुणकाने २८,८०० इलेक्ट्रॉन. प्रकाशकणांच्या येण्यातच स्वाभाविक अनियमितता असते आणि ती संख्येच्या वर्गमुळाइतकी असते. येथे सुमारे १७०, म्हणजे शेकडा ०.६. आता पायाच्या वर केवळ १०० आकडे असलेला मंद पिक्सेल घ्या. इलेक्ट्रॉन १५०, वाचनाची अनिश्चितता धरून चूक सुमारे १३, म्हणजे शेकडा साडेआठहून अधिक. हा हिशेब आकड्यांवर नव्हे, तर इलेक्ट्रॉनांवरच करता येतो. २०,००० चे वर्गमूळ काढून चूक सांगणारा विद्यार्थी गणित बरोबर करतो आणि पदार्थविज्ञान चुकवितो.

याहून वाईट चूक पडद्यावर होते. मंद तेजोमेघ दिसावा म्हणून चित्र ताणले जाते, नंतर ते जेपेग स्वरूपात साठविले जाते, आणि तिसराच कोणी त्या चित्रावर ताऱ्यांची तेजस्विता मोजतो. असे एक मोजमाप प्रबंधाच्या मसुद्यात माझ्यासमोर आले होते. विद्यार्थी मेहनती होता, आलेखही नीटस होता. पण साध्या जेपेग चित्रात शून्य ते २५५ हे आकडे डोळ्यांच्या सोयीने बसविलेले असतात. १२८ हा २५५ चा निम्मा असला, तरी तो सांगतो तो प्रकाश पूर्ण प्रकाशाच्या शेकडा २२ च्या आसपास असतो. म्हणजे आपण फिरून हर्टर आणि ड्रिफिल्ड यांच्याच वक्रावर येऊन बसलो, आणि यावेळी तो वक्र रसायनाने नव्हे, आपल्या सोयीने काढलेला आहे. मसुदा परत गेला. मूळ फाइल शिल्लक होती म्हणून काम वाचले. माझ्या मते मूळ फाइल व तिच्या शीर्षातील नोंदी नष्ट करणे आणि १८९८ मध्ये पायरीची पट्टी न उमटविणे, यांत फरक एवढाच की त्या काळी अनेकांना ती रीत ठाऊक नव्हती.

२ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेल्या आदित्य-एल१ यानावर आयुकाच्या नेतृत्वाखाली घडविलेली सूट ही दुर्बीण आहे. ती २०० ते ४०० नॅनोमीटरच्या जंबुपार प्रकाशात, ४०९६ गुणिले ४०९६ पिक्सेलांच्या सीसीडीवर सूर्याचे पूर्ण बिंब टिपते. एव्हरशेड यांची ३६४६ अँगस्ट्रॉमची सीमा याच पल्ल्यात पडते.

शेगाव व आसपासच्या विद्यार्थ्यांना याचा अभ्यास करण्यास अवकाशयान लागत नाही. २ ऑगस्ट २०२७ रोजी दुपारनंतर येथून खंडग्रास ग्रहण दिसेल. पावसाळ्याचे आभाळ मोकळे असेल असे मात्र कोणी गृहीत धरू नये. परंतु बिंब मध्यापासून कडेकडे कसे मंदावते, हे मोजण्यास ग्रहणाची वाट पाहण्याचेही कारण नाही. प्रमाणित सौरगाळणी दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर घट्ट बसवावी, कॅमेऱ्याची मूळ अनताणलेली फाइल घ्यावी, अर्ध्या वेळेचे आणि दुप्पट वेळेचे चित्र घेऊन आकडे खरोखर त्याच प्रमाणात बदलतात काय ते पाहावे, आणि अंधारचित्रे त्याच दिवशी, त्याच तापमानात घ्यावीत. दृश्य प्रकाशात अगदी कडेशी मध्याच्या निम्म्याहून कमी तेज आढळावयास हवे. ते न आढळल्यास प्रथम पायाचा आकडा वजा केला होता की नाही, ते तपासावे.